त्रेसष्ट नंबरचा स्वेटर

"काम चांगलंय हो हिचं. पण ही तशी वाटत नाही ना."

"आई येणार आहे तिची. ती तरी ओरिजिनल असेल."

मी आत मोरीत हाताची शाई काढत होते. छपाईची काळी शाई नखांत बसली की सहज निघत नाही. आधी खोबरेल, मग साबण, मग पुन्हा खोबरेल. नळ बंद केला असता तर मी आत आहे हे बाहेर कळलं असतं. म्हणून नळ चालू ठेवला. बोलणाऱ्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी पाणी वाया घालवत होते. ही माझी जुनी सवय.

पहिला आवाज सरांचा. सर छापचित्रकार, बाहेरगावाहून आम्हाला शिकवायला आलेले. दुसरा मॅडमचा. मॅडम नंदुरबारमधल्या एका कला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांच्याच मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर आमची दहा दिवसांची कार्यशाळा चालली होती. आम्ही आठजण होतो. शेवटच्या दिवशी प्रदर्शन. डोंगरातली मी एकटीच.

मी बाहेर आले तेव्हा दोघं माझ्याकडे बघून हसले. मीही हसले.

मी सातपुड्यातल्या मोलगीच्या पुढच्या एका पाड्यावरची. सहा वर्षांची असताना सरकारी योजनेतून मला घाटापलीकडच्या एका इंग्रजी शाळेत घातलं. निवासी शाळा. घरी आमची भिली, शाळेत इंग्रजी, मराठी त्यानंतर. आता मी शहाद्याजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. कुर्ता, लेगिंग, पाठीवर सॅक. बसमध्ये लोक विचारतात, "कुठल्या तुम्ही?" मोलगी म्हटलं की एकदा वरपासून खालपर्यंत बघतात आणि म्हणतात, "वाटत नाही." हे ते कौतुक म्हणून बोलतात. मी बरीच वर्षं ते कौतुक म्हणूनच घेत आले.

कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी सरांनी सांगितलं होतं, "स्वतःचं चित्र करायचंय. पण चेहरा काढायचा नाही. रोज अंगावर असतं त्यातलं एक काहीतरी आणा. ते कापडच तुमचा चेहरा."

पद्धत अशी. कापड पुठ्ठ्यावर गमाने चिकटवायचं. वरून वॉर्निशचे दोन हात द्यायचे. वाळलं की शाई चोळायची, जाळीदार कापडाने पुसायची. विणीत, शिवणीत, सुरकुत्यांत शाई राहते. त्यावर ओला कागद ठेवून प्रेसमधून काढायचं. कागदावर कापडाचा धागा न धागा उमटतो. पण एकदा चिकटवलेलं कापड परत अंगात घालता येत नाही. ते गेलंच.

सगळ्यांनी आपापलं आणलं. एकीने नवऱ्याच्या दुकानात बसताना घेते ती ओढणी. एका रिटायर मास्तरांनी बंडी. मी कुर्ता आणावा असं सगळ्यांनी धरलं होतं, मीही. पण कुर्ता हातात घेतला आणि वाटलं, हा तर मी गेल्या वर्षी घेतलाय. याला माझं काय माहीत?

रविवारी घरी गेले. मोलगीहून पुढे जीप, मग चाल. आई अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत होती. लुगड्यावर माझा शाळेचा स्वेटर. मरून रंगाचा, आता विटकरी झालेला. मी दहावीला होते तेव्हाचा. शाळा सुटल्यापासून तो तीच घालते. शेतात, जंगलात, बाजारात. डाव्या कोपराला निळ्या लोकरीने रफू केलेलं. पोटावर चुलीच्या ठिणगीने जळून पडलेलं भोक. आणि छातीवर लाल दोऱ्याने शिवलेला नंबर. त्रेसष्ट.

त्या नंबराबद्दल सांगायला हवं. हॉस्टेलमध्ये प्रत्येकीच्या कपड्यांना धोब्यासाठी नंबर असायचा. फी भरणाऱ्या मुलींचा नंबर कॉलरच्या आत, पेनाने, बारीक. आम्हा योजनेच्या मुलींचा बाहेरून, छातीवर, लाल दोऱ्याने. मेट्रन म्हणायची, "तुमचं काही हरवलं तर मला सरकारला उत्तर द्यावं लागतं." नंबर आम्हालाच शिवायला लावायची. सहा आणि तीन कसे काढायचे हे मी कागदाच्या आधी स्वेटरवर शिकले. मैदानावर लांबून कुणीही सांगू शकायचं, ही फीवाली आणि ही तसली. हाक नंबरानेच यायची. सिक्स्टी थ्री. आईला नंबर वाचता येत नाही. तिला वाटायचं, लेकीच्या शाळेची नक्षी आहे. तिने ती कधी उसवली नाही.

मी म्हणाले, हा मला दे. तिने का ते विचारलं नाही. काढला, झटकला, घडी केली. मग म्हणाली, "थंडीत काय घालू?" मी माझा नवा जर्किन काढून दिला. तिने तो हातात घेऊन पाहिला, भिंतीच्या खुंटीला टांगला आणि बाबांचा चौकड्याचा शर्ट लुगड्यावर चढवला.

स्वेटर सपाट करायला मी त्याच्या बाजूच्या शिवणी उसवल्या. हात कापले. पहिला पुठ्ठा केला तो छोटा, नुसता नमुन्याचा, उजव्या बाहीचा. तेव्हा लक्षात आलं की छापात सगळं उलटं येतं. डावं ते उजवं. म्हणजे नंबर उलटा येणार. मी बराच वेळ पुढचा भाग हातात धरून बसले. मग तो पालथा केला. आतून तोच नंबर उलटा दिसत होता, टाक्यांच्या गाठी, दोऱ्याची शेपटं, सगळं. मी आतली बाजू वर ठेवून चिकटवला, शेजारी रफूची डावी बाही. आता छाप सुलट येणार होता.

कार्यालयाचे वॉचमन, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, झाडू घेऊन उभे होते. "चांगला व्हता ना वं माय हाऊ स्वेटर. कसाले चिकटाडी दिना?"

"चित्र करायचंय आबा."

"स्वेटरनं?"

दोन दिवसांनी पहिला कागद प्रेसमधून निघाला. मी प्रेसवरचं जाड ब्लँकेट उचललं, कागदाचा कोपरा धरून हळूहळू सोलला. स्वेटर आतून बाहेर आला होता. रफू दोरीसारखं जाड. जळलेलं भोक पांढरं, त्याच्याभोवती काळी कडा. मध्ये त्रेसष्ट, सुलट, गाठींसकट. जणू तो कुणी आतून शिवलाय. जो आत आहे त्याने.

आबा मान तिरकी करून बघत राहिले. "मन्ही बायको बी वावरमा जातांना असाच घालस," म्हणाले आणि झाडायला लागले. त्या कार्यशाळेत माझ्या चित्राबद्दल मला कळलेलं ते एकच वाक्य.

सरांना काम आवडलं. टेक्श्चर मजबूत आहे, म्हणाले. मग थोडं थांबून, "पण यात तू कुठे आहेस? म्हणजे तुझं कल्चर. हा स्वेटर कुणाचाही असू शकतो." मी जाळीदार कापडाने बोटं पुसत राहिले. "आईचं लुगडं वगैरे मिळालं असतं तर," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

त्याच संध्याकाळी मोरीतून मी ते दोघांचं बोलणं ऐकलं. वाटत नाही ना. ती तरी ओरिजिनल असेल.

दुसऱ्या दिवशी, प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी, मॅडमनी मला बाजूला घेतलं. प्रेमानेच. त्या प्रेमानेच बोलतात. हातात एक मोठी प्लास्टिकची पिशवी दिली. "बेटा, उद्या तू प्रेस चालवून दाखवायचीस पाहुण्यांना. हे घालून ये. किती छान दिसेल बघ. पेपरवाले पण येताहेत."

मी पिशवी टेबलाखाली ठेवून उघडली. कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानाची होती. शाळांच्या गॅदरिंगला जिथून राजे, मावळे, परी आणतात तिथली. आत चित्त्याच्या ठिपक्यांचं कापड. हिरव्या प्लास्टिकच्या पानांचा घागरा. कवड्यांसारखे मणी. आणि मोरपिसांचा टोप.

पानं वासावरून ओळखू आली. नव्या रेनकोटसारखा वास. मला हा वास माहीत होता.

मी सहावीत असताना शाळेचं स्नेहसंमेलन होतं. घरी पत्रं गेली होती, मुलांसोबत चांगले कपडे पाठवा. आमच्या पाड्यांवर पत्र वाचणारा जो असेल त्याने वाचून दाखवलं आणि लोकांनी तसंच केलं. चांगले कपडे पाठवले. पहिलीत सविता नावाची मुलगी होती, माझ्याच बाजूच्या पाड्यावरची. तिच्या बापाने खापर गावच्या बाजारातून तिला पिवळा फ्रॉक घेतला होता. पाठीला बो, खाली लेस. ती तो फ्रॉक आठवडाभर उशाखाली ठेवून झोपत होती. इस्त्री व्हावी म्हणून.

योजनेच्या मुलांचा नाच ठरला होता. आदिवासी नृत्य. गाणं सिनेमातलं. कपडे भाड्याचे. कातडीच्या रंगाचे बनियन, पानांचे घागरे, गालांवर पांढरे पट्टे, डोक्याला मोरपिसांचे टोप.

आमच्याकडे पानं कुणी नेसत नाही. आणि मोरपिसांचा टोप होळीला नवस असलेले पुरुष घालतात. ते बावा होतात. अंगावर राखेचे पट्टे, कमरेला घुंगरू. तेवढे दिवस ते खाटेवर झोपत नाहीत, पायात चप्पल घालत नाहीत. मन्नत असते ती. बाया घालत नाहीत, लेकरं घालत नाहीत, आणि स्टेजवर तर कुणीच नाही. हे आम्हा सगळ्या मुलांना माहीत होतं. सांगितलं कुणीच नाही. नाच बसवणाऱ्या बाईंना वाटलं त्या आम्हाला आमचीच वस्तू देताहेत. आम्हाला वाटलं बाईंना जास्त माहीत असेल.

सविता फ्रॉक काढेना. भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिला अजून इंग्रजी येत नव्हतं, मराठीही नाही. नाचाच्या बाईंनी मला बोलावलं. "सिक्स्टी थ्री, टेल हर टु रिमूव्ह इट."

माझा उपयोग हाच होता. मला दोन्ही बाजूचं कळायचं. घरून कुणी भेटायला आलं की मी मध्ये उभी राहायची, इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. शहाणी मुलगी. शांत मुलगी. वर्षाच्या शेवटी मला शिस्तीचं सर्टिफिकेट मिळायचं.

मी सविताजवळ गेले आणि आमच्या बोलीत म्हणाले, "काढ तो."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाई काही म्हणाल्या असत्या तर ती रडली असती, हट्ट केला असता. पण हे तिच्या घरच्या बोलीत होतं. तिच्या आईच्या आवाजासारखं. तिने मुकाट्याने पाठीमागचा बो सोडला.

फ्रॉक मी घडी करून माझ्या ट्रंकेत ठेवला.

स्टेजवरून मला आईबाप दिसत होते. योजनेच्या मुलांचे आईबाप शेवटच्या रांगेत, सगळे चांगले कपडे घालून, बाया चांदी घालून, पुरुष धुतलेल्या शर्टात. त्यांच्यासमोर त्यांची लेकरं पानं लावून उड्या मारत होती. टाळ्या पुढच्या रांगांतून आल्या. मागची रांग गप्प होती. नंतर आईने मला हळूच विचारलं, "हे कोण लोक झाले होते तुम्ही?" मी म्हणाले, "प्रोग्रॅम होता." सविताचा बाप सगळ्यांत मागे उभा होता. तो पिवळा फ्रॉक शोधत होता.

होळीच्या सुट्टीनंतर सविता परत आली नाही. कारण मला माहीत नाही. फ्रॉक माझ्याकडेच राहिला. मी तो परत करायला कधी गेले नाही. तिला काय सांगायचं हे मला आमच्या बोलीत सुचत नव्हतं, आणि दुसऱ्या बोलीत सांगून उपयोग नव्हता.

प्रदर्शनाच्या दिवशी मी रोजचाच कुर्ता घालून गेले. मॅडम जिन्यातच भेटल्या. चेहरा पडला त्यांचा. "ड्रेस?"

"मापाचा नव्हता," मी म्हणाले.

खोटं. मी तो घालूनच पाहिला नव्हता. मला नाही म्हणता येत नाही, मी माप सांगते. पोट दुखतंय सांगते, बस चुकली सांगते. इतकी वर्षं मी माझे सगळे नकार असेच दिले. कुणाला ते नकार वाटलेच नाहीत.

"असू दे," मॅडम म्हणाल्या. "आई येतेय ना?"

आई बाराच्या सुमाराला आली. जीप, मग एसटी. सोबत शेंगांची पिशवी, आमच्या सरांसाठी. लुगडं, गळ्यात चांदी, आणि वर बाबांचा चौकड्याचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. ती तशीच येणार होती. आमच्याकडे बाया तशाच बाजाराला जातात.

मी तिला चित्रासमोर नेलं. तिने आधी लांबून पाहिलं. मग जवळ जाऊन जळलेल्या भोकाजवळ बोट नेलं, काचेला न लावता. "हा चुलीचा डाग," म्हणाली. मग रफूवर. मग नंबरावर. "ही नक्षी आतून अशी आहे होय?" मी हो म्हणाले. ती बराच वेळ तिथून हलली नाही. मग मला म्हणाली, "हा माझा आहे. तुझं नाव कशाला लावलं?" आणि हसली. मीही हसले. त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा खरी हसले असेन.

तेवढ्यात मॅडम फोटोग्राफरला घेऊन आल्या. मागे सर, दोनचार पाहुणे. मॅडमनी आईला हात जोडले, तिच्या हाताला धरून चित्राशेजारी उभं केलं. चांदीकडे बघून म्हणाल्या, "किती सुंदर. बघा सर, हे खरं." मग दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या.

"बेटा, तिला सांग ना, तो शर्ट तेवढा काढ म्हणावं. सगळं झाकून जातंय. ओरिजिनल लूक येत नाहीये."

लुगड्यावर आईने ब्लाउज घातलेला होता. शर्ट काढला असता तर तसं काही झालं नसतं. दोन मिनिटांचं काम. हे मी लिहितेय कारण त्या क्षणी माझ्या डोक्यात हेच आलं. दोन मिनिटांचं काम. आणि आमच्या बोलीतलं ते वाक्य तोंडात तयारच होतं. मला ते जुळवावं लागलं नाही. काढ तो. तेच शब्द. इतकी वर्षं ते माझ्या तोंडात बसून होते.

आईला मराठी फार कळत नाही. पण बोट कुठे दाखवलं ते कळतं. तिने माझ्याकडे पाहिलं. विचारत नव्हती. वाट बघत होती, मी काय सांगते त्याची. मी सांगेन ते ती करणार होती, कारण ते तिच्या बोलीत येणार होतं. तिचा हात गळ्याजवळच्या बटणाशी गेला.

मला सविताची पाठ दिसली. बो सोडणारी बोटं.

सर चित्राकडे बघत होते. काचेत काही दिसत असावं तसे.

मी आईजवळ गेले. आमच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "राहू दे. बटण लाव." असल्या लोकांसमोर मी माझी बोली कधी मोठ्याने बोलले नव्हते. हॉलमध्ये तो आवाज मला परक्या बाईचा वाटला. आईने हात खाली घेतला.

"काय म्हणाली?" मॅडमनी विचारलं. "काढते ना?"

माप सांगितलं नाही. मराठीत, एकेक शब्द नीट उच्चारून मी म्हणाले,

"मी तिला तसं सांगितलेलंच नाही. सांगणारही नाही. एकदा पहिलीतल्या एका मुलीला मी हे सांगितलं होतं, तुमच्यासारख्यांनी सांगायला लावलं म्हणून. आता कुणाच्याही सांगण्यावरून कुणालाही सांगणार नाही. आम्ही असेच कपडे घालतो, मॅडम. फोटो असाच काढा. नाहीतर चित्र खाली उतरवा, आम्ही घेऊन जातो."